मधल्या थरातलं पाणी

आमच्या देव्हाऱ्यात, कुलदैवताच्या टाकांशेजारी, जवळपास वर्षभर समुद्राच्या पाण्याची बाटली होती. उंब्रजच्या अलीकडचं आमचं गाव. दारातून कृष्णा दिसते. घरातल्या बायकांपैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. मी अजून पाहिलेला नाही आणि पाहायची हौसही नाही.

गावातली पोरं पलटणीत जायची. माझे मालकही भरतीला गेले, पण त्या दिवशी आरमाराची भरती होती, म्हणून आरमारात गेले. मुदत संपवून घरी आले, दोन हंगाम ऊस केला, दुष्काळात तोही वाळताना पाहिला. मग ओळखीतून गोव्याकडच्या एका जहाजावर लागले. ते जहाज मासे धरत नव्हतं, माल नेत नव्हतं, लढतही नव्हतं. ते समुद्राचं पाणी तपासत फिरायचं. हे गावात सांगायचं म्हणजे पंचाईत होती.

"खारंच हाय न्हवं पानी?" लोक विचारत. "मग पगार देऊन काय तपासत्यात?"

मालक सुट्टीवर आले की ओट्यावर बसून सांगायचे. एक लांब तार असते. तिला अंतराअंतरावर पितळी नळ्या अडकवायच्या आणि रहाट फिरवून तार खाली सोडायची. वरून एक वजन तारेवरून घसरू दिलं की नळ्यांची तोंडं एकीमागून एक मिटतात. ज्या खोलीवर नळी असेल, तिथलं पाणी तिच्यात अडकून वर येतं. मालकांचं काम रहाटाचं. शिकलेले साहेब ते पाणी छोट्या काचेच्या बाटल्यांत भरून घेत. रबराची नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी उतू जाऊ द्यायचं आणि काचेचं बूच असं लावायचं की आत बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर बाहेरची हवा पाण्यात मिसळली, तपासणी फुकट.

कारण ते हवाच शोधत होते. पाण्यात विरघळलेली हवा. मासे तीच घेऊन जगतात. औषध टाकल्यावर पाण्यात तपकिरी गाळ बसला तर हवा आहे, पांढरा राहिला तर नाही. मालक म्हणत, वरच्या पाण्याचा गाळ तपकिरी निघतो. पार खालच्या पाण्याचाही थोडा तपकिरी निघतो. पण आपल्या बाजूच्या समुद्रात मधे एक जाड थर आहे, दिवसचे दिवस जहाज चालवलं तरी खाली तो असतोच, आणि त्याचं पाणी पांढरं निघतं. त्याच मधल्या पाण्यात दुसरं औषध टाकलं तर ते गुलाबी होतं.

"म्हंजे समुद्रात रंगपंचमी," माझा धाकटा दीर म्हणाला होता.

ते गुलाबी का होतं, हे मला आमच्या उसावरून कळलं. खालच्या अंगाच्या रानात पाटाचं पाणी तुंबायचं. एका साली तिथला ऊस पिवळा पडला. सासूनं युरिया टाकला, तरी पिवळाच. तिनं आणखी टाकला. मालक सुट्टीवर आले ते रान बघून म्हणाले, "आये, तुजा युरिया हवेत गेला."

"युरिया काय कापूर हाय व्हय, उडून जायाला?"

मग त्यांनी सांगितलं. चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पाणी तुंबलं की चिखलातली हवा संपते. पण खताचं जे मीठ होतं, त्याच्या पोटात हवा असते. ते जीव ते मीठ फोडतात आणि त्यातली हवा घेऊन जगतात. उरलेलं खत वारा होऊन वर निघून जातं. समुद्राच्या मधल्या थरात हेच चाललं आहे, माणूस झाला नव्हता तेव्हापासून. अर्धं मीठ फोडलेलं असतं, तेच औषधानं गुलाबी दिसतं.

"आसलं जीव समुद्रात हायत तर समुद्रातच ऱ्हावा म्हनावं त्यास्नी," सासू म्हणाली. "माज्या रानात काय ठेवलंय?"

दीर हे ऐकून खूप हसला. त्याचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. बायको तासगावकडची, द्राक्षाच्या मळ्यातली. अंगानं बारीक पण कामाला चिवट. दिराचं शेतात लक्ष नव्हतं. कृष्णेला पूर आला की वाहून येणारी लाकडं धरायला जी पोरं उड्या घालतात, त्यांत हा पहिला. मालकांच्या मागं लागून लागून तोही त्याच जहाजावर गेला. सासूचा विरोध होता. "येक दिलाय की. दुसरा कशाला?" पण तो गेला.

त्याचं काम मालकांपेक्षा अवघड होतं. जहाजाच्या कठड्याबाहेर एक फळी काढलेली असते. तिच्यावर उभं राहून तारेला नळ्या अडकवायच्या आणि वर आल्या की काढायच्या.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मालक एकटेच आले. तार नव्हती, पत्र नव्हतं. एस.टी.तून उतरून चालत आले. खांद्याला स्वतःची पिशवी, हातात दिराची पेटी. सासू शेणी थापत होती. ती उठली नाही. शेणाचे हात तसेच ठेवून बसली आणि बघत राहिली.

"लाटेनं नेला," मालक म्हणाले.

"कवा?"

"सकाळी. कामावर असताना. सांजपतूर जहाज फिरवलं. घावला न्हाई."

"तू बघितलास?"

"मी रहाटावर हुतो."

सासूनं तेवढंच धरलं. रहाटावर होता म्हणजे पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे काय झालं ते कोणाला ठाऊक नाही. पुरात लाकडं धरणारं पोर. ते कुठंतरी काठाला लागलं असणार. कोळ्यांनी नेलं असणार.

आमच्याकडे एक रीत आहे. गाव पलटणीचं, त्यामुळे परमुलखात गेलेल्याची माती घरी येत नाही, ही गोष्ट नवी नव्हती. अशा वेळी पळसाच्या पानांचा पुतळा करतात. माणूस जिथं गेला तिथली मूठभर माती मिळाली तर त्यात घालतात आणि नदीवर नेऊन जाळतात. मग सुतक धरतात, दिवस घालतात. समुद्रातली माती कोण आणणार? मालकांनी पाणी आणलं होतं. दीर पडला तेव्हा तार खाली होती. ती वर ओढावी लागली. त्यातलं साहेबांनी घेऊन उरलेलं पाणी मालकांनी एका बाटलीत भरलं होतं, शिकवलं होतं तसंच, नळी तळाला टेकवून, बुडबुडा न ठेवता. कोणत्या नळीचं भरलं ते त्यांनी बघितलं नाही. नंतर नळीवरच्या आकड्यावरून कळलं. ते मधल्या थरातलं होतं.

त्यांनी बाटली सासूपुढं ठेवली आणि म्हणाले, "पुतळ्यात घालू."

सासू म्हणाली, "पुतळा मेलेल्याचा जाळत्यात." बाटली उचलून तिनं देव्हाऱ्यात ठेवली. मालक सुट्टी संपवून परत जहाजावर गेले. एकट्या उसावर घर चालणारं नव्हतं.

त्या दिवसापासून धाकटीचे, दिराच्या बायकोचे, हाल सुरू झाले. तिच्या कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा, गळ्यात डोरलं. सगळं जागच्या जागी. पण गावातली एकही बाई तिला ओटी भरायला बोलवेना. हळदीकुंकवाला मी जायची, ती घरी. विधवा म्हणून माहेरी जावं, तर सासू तिला विधवा म्हणू देईना. दुसरं लग्न लावून द्यायला तिच्या माहेरची माणसं तयार होती. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत तशी लग्नं होतात. पण पहिला जिवंत असताना दुसरं कसं लावणार?

तिचा थोरला भाऊ न्यायला आला. चहा प्यायला, मग बोलला.

"आत्ती, पोरगीला चार दिस धाडा."

"चार दिस कशाला, दिवाळीला धाडते की. तिचा मालक आला की दोघं मिळून येतील."

"कुटनं येनार हायत त्ये?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुज्या तोंडातनं न्हाई येनार," सासू म्हणाली. "उट. एस.टी. चुकंल तुजी."

तो उठला. धाकटी चुलीपुढं होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. फुंकणी घेऊन विझलेल्या जाळावर फुंकत राहिली.

मी तिची बाजू घेतली नाही आणि सासूचीही घेतली नाही. मला माझी पोरं होती, म्हशी होत्या, रान होतं. पण त्या घरात वावरणं अवघड झालं होतं, हे खरं. रोज जेवताना सासू दिराचं ताट वाढायची. सगळ्यांचं झालं की ते ताट गोठ्यात जायचं. मग ती देव्हाऱ्यापुढं बसायची आणि बाटलीशी बोलायची. मोठ्यानं नाही, शेजारच्या बाईशी बोलावं तसं. म्हैस आटली. तुझ्या बायकोनं आज मीठ जास्त टाकलं. खालच्या रानातनं चर काढला बघ.

मग तिनं बाटलीचं बूच काढलं.

कधी काढलं ते मी पाहिलं नाही. एकदा देव्हारा पुसताना आत तुळशीची डहाळी दिसली. सासू म्हणाली, "तीर्थात तुळस नगं?" मग दूधभाताची चार शितं आत गेली, कारण दिराला दूधभात आवडायचा. मग एक शिवायची सुई. लोखंड असलं की बाहेरचं काही जवळ येत नाही, असं सगळेच मानतात. बाळंतिणीच्या उशाला आम्हीही विळा ठेवतो. बूच मात्र ती दर वेळी घट्ट लावायची. मालकांनी बजावलं होतं ना, हवा जाता कामा नये.

पाणी आधी गढूळ झालं. नंतर काचेला आतून बारीक बुडबुडे धरले. मी बोटानं टिचकी मारली तर ते सुटून वर गेले आणि बुचाखाली गोळा झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरले. ज्या बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही म्हणून एवढी काळजी, तिच्यात ते आपोआप येत होते. मग सुई काळी पडली. सुईभोवतीचं पाणी काळं पडलं. शेवटी बाटलीचा तळच काळा झाला.

धाकटी देव्हाऱ्यापुढून जाईना. पाण्याला जायचं तर परसातून वळसा घाली.

"आक्का, त्ये बगतंय माज्याकडं," ती मला म्हणाली.

"बाटलीला डोळं न्हाईत. जोंधळं निवड."

"तुमी बगा की येकदा नीट."

"बगितलंय. निवड म्हनलं न्हवं?"

खरं सांगायचं तर मलाही ती बाटली नको झाली होती. एखादं माणूस पाठीमागं येऊन उभं राहिलं की न बघता कळतं. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलं की तसं व्हायचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. पण पाठ करून बसायचं मी सोडलं.

उन्हाळा लागला. एका दुपारी सासू रानात होती, पोरं शाळेत. मी आणि धाकटी पापडाचं पीठ मळत होतो. देव्हाऱ्यात टक् करून आवाज झाला आणि काहीतरी फरशीवर घरंगळत आलं. बूच होतं. मागोमाग वास आला. नासलेल्या अंड्याचा म्हणतात तसला, पण त्याहून दाट, गटारीचा गाळ उपसताना येतो तसा. सगळ्या घरात भरला. धाकटी पिठाचे हात घेऊन अंगणात पळाली. मी दारं उघडली, बूच उचललं, पण बाटलीत बसवायला हात पुढं होईना.

सासूला कोणीतरी बोलावून आणलं. ती आत आली, उंबऱ्यातच थांबली, वास घेतला. मग जाऊन देव्हाऱ्यापुढं खाली बसली.

"माज्या लेकाचा वास हाय," ती म्हणाली.

आळीतल्या बाया गोळा झाल्या. एक म्हणाली, पोर सुटका मागतंय. दुसरी म्हणाली, देवऋष्याला दाखवा. भावकीतला एक म्हातारा पटका सावरत आला, नाकाला पदर लावलेल्या बायांना ओरडला आणि सासूला म्हणाला, "वहिनी, पोरगं सवताच्या तोंडानं सांगतंय. आता तरी पुतळा करा."

सासूनं बाटली पदरानं पुसली. मग म्हणाली, "थोरला येऊ दे. त्यो पान्यातला मानूस हाय. ह्यो वास त्याचा हाय म्हनला, तर मी पुतळा करते. धाकटीचं कुंकू बी मीच पुसते."

म्हणजे सगळं मालकांच्या एका शब्दावर येऊन थांबलं. त्यांनी हो म्हणायचं, की धाकटी मोकळी. नाही म्हटलं तर सासू आणखी किती वर्षं ताट वाढत बसेल आणि धाकटी तिच्यासमोर किती वर्षं वाळेल, सांगता येत नव्हतं. धाकटीनं मला काही विचारलं नाही. पण मालक कधी येणार ते तिला माझ्या आधी ठाऊक असायचं.

मालक आले त्या दिवशी मी मुद्दाम उंब्रजच्या स्टँडवर गेले. बाजार करायचा आहे म्हणून निघाले होते. वाटेत सगळं सांगितलं आणि म्हणाले, "व्हय म्हना."

"वास त्याचा कसा आसंल? त्यो काय बाटलीत हाय?"

"न्हाई ते मला बी ठावं हाय. तरी म्हना."

"खोटं हुईल गं."

"हुईल. पन येक बाई सुटंल त्यात. तुमचं काय जातंय?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मळ्याच्या वाटेला वळलो. मला वाटलं, मनावर घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले. सासू देव्हाऱ्यापुढं बसलेलीच होती. धाकटी आतल्या दाराआड पाण्याची कळशी घेऊन उभी. मालकांनी बाटली हातात घेतली, दारातल्या उजेडात धरली, बूच जरासं सैल करून वास घेतला आणि पुन्हा लावलं.

"ह्यात काय काय घातलंस, आये?"

सासूनं सांगितलं. तुळस, दूधभात, सुई. सांगताना तिला शरम वाटत होती, पण लपवलं तिनं काही नाही.

मालक तिच्यासमोर मांडी घालून बसले. "तुजा युरिया गेलता, आटवतंय? तसलंच हाय ह्ये. ह्या पान्यात आदीच हवा न्हवती. जीव हुतं, पन त्यास्नी खायाला कमी हुतं. तू भात घातलास, दूध घातलंस, त्ये खाया लागले. खाताना हवा लागती. पयल्यांदा त्यांनी खताच्या मिठातली हवा काढून घेतली. त्ये बुडबुडं त्याचं. ती बी संपली, तवा दुसरं येक मीठ आसतं समुद्रात, त्यातली काढली. त्ये मीठ फोडलं की ह्यो वास सुटतो. सुईचं लोखंड त्यानं काळं पडलं." त्यांनी बाटली खाली ठेवली. "वास तुज्या दूधभाताचा हाय. त्याचा न्हाई."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

सासूच्या तोंडावर काय आलं ते मला अजून दिसतं. हसू नव्हतं ते. पण अंगावरचं ओझं कोणी उतरवलं की माणूस सैल होतं, तशी ती झाली. "म्हंजे जित्ता हाय," ती म्हणाली.

दाराआड कळशी खाली टेकल्याचा आवाज आला.

"न्हाई, आये," मालक म्हणाले.

"तूच म्हनलास, वास त्याचा न्हाई."

"वास त्याचा न्हाई. त्यो मेलाय. मी बगितलंय."

"तू रहाटावर हुतास."

"रहाट सोडून कठड्याला गेलो." मालक सासूकडे न बघता बोलत होते. "समुद्र वरनं गप हुता. आतनं येक मोठी लाट आली, जहाज कललं. फळी पान्याखाली गेली. वर आली तवा त्यो तिच्यावर न्हवता. पायात गुडघ्यापतूर रबरी बूट हुतं. पान्यानं भरलं आसतील. तिथलं पानी लय निर्मळ आसतं, आये. आपल्या नदीगत न्हाई. त्यो दिसत हुता मला. सरळ उभा खाली चालला हुता. तोंड वर."

"हात हलवत हुता?"

"आदी हलवलं. मंग न्हाई."

"तुला बगितलं त्यानं?"

"व्हय."

"उडी का न्हाई टाकलीस?"

"पाय उचललं न्हाईत."

बाहेर म्हैस दाव्याला ओढत होती. तिला पाणी पाजायची वेळ झाली होती. कोणीच उठलं नाही.

"कुटवर दिसला?" सासूनं विचारलं.

"निळा झाला तवर. मंग निळ्यात निळं कळंना."

सासू मालकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मारते. उडी टाकली नाही म्हणून आता ह्या पोरालाही घालवते. पण तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढं मरेपर्यंत नाही. ती एवढंच म्हणाली, "आनि येवडं दिस ताट वाढून घेतलंस रं माज्याकडनं."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पळस बगून ये जा. टेकाडावर आसतील अजून पानं. मोठी बगून आन."

पुतळा तिनंच बांधला. भावकीतले म्हातारे म्हणत होते, बाईचं काम नव्हे. ती म्हणाली, जन्माला घातलाय कोणी ह्याला, तुम्ही का मी? मग ते बाजूला झाले. पानांवर पानं लावून दोऱ्यानं आवळली, डोक्याला नारळ ठेवला, वर दिराचा पांढरा सदरा घातला. पाणी घालायची वेळ आली तेव्हा मालकांनी बाटलीकडे हात केला. सासूनं बाटली उचलली, परसात गेली आणि उकिरड्यावर उपडी केली. "खत हाय ते. तूच म्हनलास," म्हणाली. पुतळ्यात मग काहीच घातलं नाही.

नदीवर पळसाची पानं भराभर जळली. माणसाला लागतो तेवढा वेळ लागला नाही. सासूनं धाकटीचं कुंकू आपल्या पदरानं पुसलं आणि चुडा दगडावर फोडला. बाया रडायला लागल्या. मीही रडले, माझा दीर होता तो. धाकटी रडली नाही. फुटलेल्या काचा पाण्यात गेल्या, त्या बघत उभी राहिली. बाया आपसात बोलल्या, दगड आहे पोरगी.

मालक पुन्हा जहाजावर गेले. जाण्याआधी एकदा मी विचारलं, कारण ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. "त्यो तळाला गेला आसंल, का मधीच?"

"तळाला. मानूस मधी थांबत न्हाई."

"त्या थरात मासं न्हाईत म्हनता."

"न्हाईत."

"मंग त्याला काय झालं नसंल."

"त्यात थांबलाच न्हाई तर काय हुनार?" ते चिडून म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर एकदा आपणहून सांगितलं, त्या जागेवरून जहाज गेलं की ते रहाट दुसऱ्याच्या हाती देतात. पाणी वर आलं, औषध टाकलं, की जाऊन गाळ बघतात. दर वेळी पांढराच.

मालक जाऊन आता खूप वर्षं झाली. सासू त्यांच्याही आधी गेली. दोघांना मी नदीवर जाताना पाहिलं, राख पाहिली. त्यांची मला आठवण येते, पण ते माझ्या मागं येऊन उभे राहत नाहीत. दीर राहतो. विहिरीवर वाकले, भरलेल्या हौदात डोकावले, की तो खाली असतो. सरळ उभा, सदरा अंगावर, तोंड वर. कुजलेला नाही, म्हातारा झालेला नाही. मला त्याची भीती वाटत नाही. हात आत घालून मी पाणी हलवते आणि घागर भरून घेते.

दिराचे दिवस घालून झाल्यावर धाकटीचा भाऊ न्यायला आला. ह्या वेळी सासूनं त्याला जेवायला वाढलं. धाकटीला लुगडं दिलं, उतरवलेलं डोरलं तिचं तिला परत दिलं. आम्ही दोघी उंब्रजला सोडायला गेलो. तासगावची गाडी उशिरा आली. भाऊ पुढं चढून जागा धरून बसला. धाकटी खिडकीशी बसली, मांडीवर पेटी.

सासू गाडीला लागून उभी राहिली. खिडकीचा गज धरला. "म्हायेरच्यांनी दुसरी जागा बगितली तर व्हय म्हन," ती म्हणाली. "माजा इचार करू नगंस."

धाकटीनं मान हलवली.

"आगं, येकदा रड की मोकळी," सासू म्हणाली. "नदीवर बी रडली न्हाईस. लोक बोलत्यात."

"तुमी रडू दिलं न्हाई, आत्याबाई," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण गाडीतल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. "घरात पानी काढलं डोळ्यातनं, की तुमी म्हनायचा, जित्त्या मानसासाटी रडतीस व्हय गं? तवा मी गिळलं. रोज गिळलं. आता येत न्हाई त्ये."

कंडक्टरनं घंटी मारली, डायव्हरनं गाडी मागं घेतली, तरी तिचा हात गजावरच होता. धाकटीनं तिची बोटं एक एक करून सोडवली.